हिरव्या टिकलीची सुई

मगदूमांच्या घरी मी न सांगता गेले, कारण सांगून गेलं की कुणाचाही फ्रिज थंडच सापडतो. उन्हाळा होता, त्या भागात दिवसाचे सहा-सहा तास वीज नसायची, आणि आमच्या सुया ठरावीक थंडाव्यातच राहायला हव्या होत्या. संध्याकाळचे पावणेसहा झाले असतील. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवणारं. जेवणं आटोपली होती. सोप्यात खाटेवर चंपाक्का पदर बाजूला करून बसल्या होत्या आणि त्यांची धाकटी जाऊ त्रिशला त्यांच्या पोटात सुई देत होती.

मी दारातच थांबले. सुई देताना मधे बोलू नये, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्रिशलाबाईंनी दहापर्यंत आकडे मोजले, सुई काढली आणि टोपण लावलं. टोपणावर हिरवी टिकली होती.

चंपाक्कांच्या टोपणावर मरून टिकली असायला हवी होती. हिरवी त्रिशलाबाईंची. टिकल्या मीच लावल्या होत्या, माझ्या पर्समधल्या पाकिटातून काढून. दोघींच्या सुया पेनासारख्या, एकसारख्या दिसायच्या. वेगळा असायचा तो फक्त बारीक अक्षरातला आकडा. घोटाळा होऊ नये म्हणून मी ही शक्कल लढवली होती आणि ऑफिसात तिचं कौतुकही करून घेतलं होतं.

"या की मॅडम, आत या," त्रिशलाबाई म्हणाल्या. मग माझी नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं आणि पेन पदराखाली घेतलं.

तेव्हा मी मिरजेत एका औषधाच्या चाचणीचं काम बघत होते. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं आतून पोकळ होत जातात, त्यावर एक नवं औषध आलं होतं. जुनी औषधं हाडांची झीज थांबवतात, हे हाड नव्यानं बांधतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं हे ठरवायला अठरा महिने रोज एक सुई. निम्म्या बायकांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय मिळतंय हे बायकांना ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. यादी कंपनीच्या ऑफिसात कुलपात. मोजलेल्या हाडांचे आकडेसुद्धा परस्पर तिकडेच जायचे. माझं काम बायका गोळा करायचं, त्यांना सांभाळायचं आणि कागद चोख ठेवायचं. कागदांच्या बाबतीत मी फार ताठ होते. माझ्या फायलीत खाडाखोड दाखवा, असं मी लोकांना ऐकवायचे.

चंपाक्का या चाचणीला अगदी हव्या तशा होत्या. वय बासष्ट, मणक्याचे दोन मणी आधीच दबलेले, उंची चार बोटं कमी झालेली. पण त्या एकट्या यायला तयार नव्हत्या. त्रिशला असेल तर मी, म्हणाल्या. त्रिशलाबाई छप्पन्नच्या, हाडं झिजायला लागलेली. त्याही नियमात बसत होत्या. बसत नव्हती ती एकच गोष्ट. एका घरातल्या दोघींना घ्यायचं नाही असा नियम होता. मगदूमांचं एक घर गावात होतं आणि एक मळ्यात. मी एकीच्या कागदावर गावातला पत्ता लिहिला, दुसरीच्या कागदावर मळ्यातला. दोन्ही पत्ते खरे होते. राहत मात्र दोघी एकाच चुलीवर होत्या आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या बायका तेव्हा कमी पडत होत्या, आणि डॉ. उपळेकर रोज सकाळी येऊन एकच आकडा विचारायचे.

फ्रिज बघायचं निमित्त करून मी त्रिशलाबाईंना परसात घेऊन गेले आणि ती सुई कुणाची म्हणून विचारलं.

"माझी हाय," त्या म्हणाल्या. "पाचव्या म्हयन्यापास्नं माझी तिला देतो आनि तिची मी घेतो."

त्यांनी ते इतक्या सरळ सांगितलं की रागवायचं कसं तेच मला सुचेना. चौदावा महिना चालू होता. म्हणजे नऊ महिने. अक्कांना माहीत आहे का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. अक्कांचे हात थरथरायचे म्हणून दोघींच्या सुया त्रिशलाबाईच द्यायच्या. कुठल्या रंगाची टिकली कुणाची याकडे अक्का बघतही नसत.

"पण का केलंत असं?"

"तुमीच म्हणला हुता न्हवं, पोटऱ्यांत गोळं आलं की समजायचं औषध लागू पडलं. मला पयल्या म्हयन्यापास्नं गोळं येत्यात. अक्काला काय सुदिक न्हाई. म्हंजे खरं माझ्याकडं आलंय आनि पानी तिच्याकडं गेलंय. गरज कुणाला हाय, सांगा बघू?"

मी म्हणाले होते. संमतीच्या कागदावर त्रासांची एक लांबलचक यादी होती. चक्कर येणं, मळमळणं, पोटऱ्यांत गोळे येणं. यादी ऐकून बायका बिचकायच्या. मग मी हसून म्हणायचे, गोळे आले तर घाबरू नका, औषध कामाला लागलं असं समजा. बायका हसायच्या आणि सही करायच्या. या वाक्यावर माझ्या निदान वीस सह्या झाल्या असतील.

मी विचारलं, "बदलल्यावर तुमचे गोळे थांबले?"

"न्हाई, हैत अजून. अंगात मुरलं असंल की."

"आणि अक्का काय म्हणतात?"

"सुरवातीला म्हणायची, पाठ हलकी वाटतीया. मी म्हणलो, मनाचं हाय तुझ्या. आता तसं म्हणत न्हाई, पर दम धराय पायजे. हाड काय एका दिसात भरतंय व्हय?"

माझ्यासारखी शिकलेली बाई, दोन वर्षं याच कामात मुरलेली. त्या दोन उत्तरांवर मी क्षणभर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त ते दोन पत्ते होते.

नियमानं मी त्याच दिवशी कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर दोघींच्या सुया बंद. औषध बाजारात नव्हतं, म्हणजे चंपाक्कांना ते कुठूनही मिळालं नसतं. आणि चौकशी लागली असती की दोन घरांतल्या दोन बायकांच्या सुया रोज संध्याकाळी बदलतात कशा. मी तिथं परसात, वैरणीच्या ढिगाशेजारी उभी राहून हा हिशेब केला. तो अक्कांच्या पाठीसाठी केला असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

"माझी तिन्ही बाळंतपणं अक्कानं केली," त्रिशलाबाई म्हणाल्या. "सतरा वर्साची आलो ह्या घरात. चुलीपुढं कसं बसायचं ते तिनं शिकवलं मला. तिचा कणा मोडला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? चारच म्हयनं ऱ्हायल्यात, मॅडम. सांगू नगासा."

मी सांगितलं नाही. आत येऊन चहा घेतला. चंपाक्कांनी माझ्या हातावर चिवडा ठेवला, लग्नाचं काय ठरलं म्हणून मला चिडवलं आणि मिरजेत चांगली मुलं राहिली नाहीत का, असं विचारलं. मी वहीत लिहिलं, फ्रिज पाच अंश, सुया व्यवस्थित.

सात आठवड्यांनी चंपाक्का दुधाचं पातेलं खाली ठेवायला वाकल्या आणि तशाच बसल्या. तिसरा मणी दबला होता, आणि या वेळी नुसता दबून भागलं नव्हतं. पुढं दोन महिने त्या हॉस्पिटलात होत्या आणि घरी गेल्या त्या खाटेवरच. डॉक्टर उपळेकर फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, बाईला पाणी मिळत असणार. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. मला वाटत होतं, नाही हो, खरं औषध मिळत होतं आणि तरी मणी गेला. औषधच फसवं दिसतंय.

चाचणी संपल्यावर सहा महिन्यांनी कुलूप उघडलं आणि यादी आली. ज्या बायकांना हवं असेल त्यांना कुणाला काय दिलं होतं ते सांगायचं, असं ठरलेलं होतं. प्रत्येकीच्या नावाचा एक कागद, खाली तिच्या हाडांचे आकडे. मी दुपारी एकटीच ऑफिसात बसून कागद लावत होते. मगदूमांचे दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. पुन्हा वाचले. मग खिडकी लावून घेतली आणि आणखी एकदा वाचले.

चंपाबाई मगदूम, औषध. त्रिशला मगदूम, पाणी.

पहिले चार महिने ते अक्कांच्याच पोटात जात होतं. त्यांची पाठ खरोखर हलकी होत होती. आणि त्रिशलाबाईंचे गोळे हे छप्पन्न वर्षांच्या, दिवसभर उसात राबणाऱ्या कुठल्याही बाईला येतात तसले गोळे होते.

चंपाक्का खाटेला खिळलेल्या असल्यामुळे दोघींचे कागद न्यायला त्रिशलाबाईच आल्या. येताना घरच्या हरभऱ्याचा डबा आणला होता. समोर बसून त्यांनी डबा टेबलावर ठेवला, तो जरा माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, "माझीच खरी हुती न्हवं?"

कागद माझ्या खणात होते. खण अर्धा उघडा होता. मी तो गुडघ्यानं लोटला आणि म्हणाले, "हो. तुमचीच."

त्यांनी डोळे मिटले. इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरच्या पावत्या हलल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी चुकलो न्हाई. मग अक्काचं हाड का मोडलं ओ?"

"औषध सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. कागद मागितला तेव्हा मी सांगितलं की तो इंग्रजीत आहे आणि ऑफिसातच ठेवावा लागतो. हेही खोटं होतं. हरभरे मी घरी नेले आणि आईला दिले. मला ते खाववले नाहीत.

औषध पुढं पास झालं. हजारो बायकांच्या आकड्यांत या दोघींची अदलाबदल कुठल्या कुठं विरून गेली. कुणाला काही कळलं नाही. मला शाबासकीचं पत्र मिळालं. चंपाक्का तीन वर्षं खाटेवर काढून गेल्या. मी भेटायला गेले होते. त्रिशलाबाईंनी मला गळ्याशी धरलं आणि मी लाकडासारखी उभी राहिले.

मग जवळजवळ दहा वर्षांनी मला रोहिणीचा फोन आला. रोहिणी त्रिशलाबाईंची सून, सासूला ती आत्या म्हणते. आत्यांचं मनगट मोडलं होतं, आणि फोटो काढला तर मणकाही दबायला लागलेला. डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं होतं. आता ते सरळ दुकानात मिळत होतं. रोहिणीनं दोन महिन्यांच्या सुया आणून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या आणि आत्या हात लावू देत नव्हत्या.

"त्या म्हणतात, ह्या औषधानं थोरल्या आत्यांचं काय भलं झालं? अकरा महिने दिलं मी माझ्या हातानं, काडीचा फरक पडला नाही. मॅडमच म्हणाल्या होत्या, लागू पडत नाही म्हणून. तुम्ही एकदा सांगता का? तुमचं ऐकतील त्या."

मी रात्रभर तळमळत वगैरे राहिले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. इतकी वर्षं जे गिळून बसले होते ते आता सांगितलंच पाहिजे असं झालं होतं, आणि वर ते सांगून एका बाईचा कणा वाचणार होता. असं कारण आयतं मिळतं कुणाला? दुसऱ्या दिवशी मी जुन्या कागदांच्या गठ्ठ्यातून ते दोन कागद शोधले आणि पिशवीत घातले.

त्रिशलाबाई सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, कमरेला पट्टा. मला बघून हसल्या. केस पिकले म्हणाल्या माझे. रोहिणीनं चहा आणून ठेवला आणि मी खूण केल्यावर ती आत गेली. मग मी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, पत्त्यांसकट. कागद उलगडून दाखवले, नावावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद सावकाश पाहिले. इंग्रजी येत नसलं तरी आकडे कळत होते.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ती म्हणत हुती," मग त्या म्हणाल्या. "पाठ हलकी वाटतीया म्हणत हुती. मी म्हणलो, मनाचं हाय तुझ्या."

"तुमची चूक नाही. ते गोळ्यांचं मी बोलले होते."

"तुमाला कवा कळलं?"

"तुम्ही कागद न्यायला आलात त्याच्या आदल्या दिवशी."

"मग का सांगितला न्हाईसा?"

"तुम्हाला सोसणार नाही म्हणून," मी म्हणाले. त्या माझ्याकडं बघत राहिल्या तेव्हा मी पुढचंही बोलले, "आणि माझी नोकरी गेली असती म्हणून."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. बाजारात भाव ऐकून हलवावी तशी.

मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. म्हणाले, औषध लागू पडतं. अक्कांना पडत होतं. आणि तुम्हालाही पडलंय, हे बघा, अकरा महिने तुमच्या अंगात गेलं तेवढ्यात तुमची हाडं सात टक्के भरली. हा तुमचाच आकडा आहे. आता चालू करा, उशीर झालेला नाही. मी हे सगळं घाईघाईनं बोलत होते आणि बोलता बोलता मला आशा वाटायला लागली होती.

"सात," त्या म्हणाल्या. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी त्यांनी स्वतःची कंबर चाचपली, पट्ट्यावरून. "हे अक्काचं हाय म्हंजे."

"तसं नसतं ते, त्रिशलाबाई."

"कसं नसतंय?" त्यांचा आवाज चढला नाही. "तिचं काढून मी खाल्लं. तिला पानी पाजलं. अकरा म्हयनं, माझ्या हातानं, दहा आकडं मोजून."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला.

"जायच्या आधी मी तिला सांगितलो हुतो," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणला न्हवं, माझीच खरी हुती, म्हणून सांगितलो. अक्का, माझी सुई मी तुला देत हुतो. माझा हात धरून रडली ती. पाठच्या भणीनं बी केलं नसतं म्हणाली. त्याच्यावर हितवर आलो मी, मॅडम. काय बी झालं की तेवढं आठवायचो."

त्यांनी दोन्ही कागद घडी करून माझ्याकडं दिले.

"आता ते बी घेऊन चाललासा."

मी काहीबाही बोलले. अक्का जे बोलल्या ते खोटं ठरत नाही, तुमचा हेतू खरा होता, असलं. पुस्तकातल्यासारखं बोलत होते आणि मलाच ते ऐकवत नव्हतं. मी रडत होते. त्या रडत नव्हत्या.

मग त्यांनी रोहिणीला हाक मारली. फ्रिजमधला डबा आण म्हणाल्या. रोहिणी आली ती हसतच. तिला वाटलं मॅडमनी मनवलं आत्यांना. तिनं सुयांचा डबा पुसून आत्यांच्या पुढं धरला.

"मॅडमच्या पिशवीत घाल," त्रिशलाबाई म्हणाल्या. "कुणा गरजवंताला देतील. माझ्या वाट्याचं घेऊन झालंय."

रोहिणी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं डबा पिशवीत ठेवला, त्या कागदांच्या शेजारी.